गावात आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण: विचारायला शिकलो, पुढचं कोण बघणार?

बाभूळबन
नमस्कार मंडळी. मी अमरावती जिल्ह्यात महिला बचतगटांच्या ग्रामसंघात काम करते. आमच्या भागात कुणी असं गेलं की सांत्वनाला आलेल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "कधी काही बोललाच नाही हो." खोलात शिरलं की कळतं, बोललेला असतो. किराणा दुकानाची जुनी उधारी एका दुपारी चुकती केलेली असते. बहिणीला अवेळी फोन करून "पोरीकडे लक्ष ठेवजो" म्हटलेलं असतं. ऐकणाऱ्याला अर्थ लागलेला नसतो, किंवा लागला तरी विचारायचं कसं हे माहीत नसतं.

म्हणून ग्रामसंघाने समाजमंदिरात दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, कृषी केंद्र चालवणारे काका, कटिंगच्या दुकानातला पोरगा, असे वीसेक जण जमले. कटिंगवाल्याला मी हट्टाने बोलावलं होतं, कारण गावातले पुरुष मोकळेपणाने बोलतात ते त्याच्याच खुर्चीत बसून.

दुपारी जोड्या करून सराव होता. एकाने त्रासलेल्या माणसाचं काम करायचं, दुसऱ्याने विचारायचं. आमच्या एका ताईने समोरच्याला विचारलं, "तुह्या मनात तसलं काही येत तर नाही ना?" प्रशिक्षक म्हणाल्या, ताई, तुम्ही त्याच्याकडून 'नाही' मागून घेतलंत, तो तेच देणार. मग त्यांनी वाक्य सांगितलं: "इतका त्रास आहे, तर जीव द्यावा असं वाटते का कधी?" हे मोठ्याने म्हणताना अख्ख्या खोलीला जड गेलं. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने ते वाक्य आपल्या बोलीत म्हटलं होतं.

शेवटी त्याच ताईने विचारलं, "अन् तो हो म्हणला तं? आज रात्री मी बसीन त्याच्यापाशी. उद्या कोण? पुढच्या महिन्यात कोण?" धागा काढायचं कारण हेच. विचारायला शिकवणारी माणसं आता मिळतात. त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांची व्यवस्था कुणी लावली असेल तर सांगा. २०२२च्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत देशात १,७०,९२४ आत्महत्या होत्या, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या. सगळ्या राज्यांत जास्त. एका दिवसाच्या शिबिराने हे हलणार नाही असं मला मनापासून वाटतं.

(हे वाचताना तुमच्यापैकी कुणाच्या मनात असे विचार असतील तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि इथे लिहिलंत तरी आम्ही आहोत.)

शेजारीण
बाभूळबनताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आधी एक भीती दूर करते, कारण ती प्रत्येक शिबिरात निघते: विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. यावर भरपूर अभ्यास झालाय. उलट, कुणीतरी हे नाव घेऊन विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. तुमच्या प्रशिक्षक म्हणाल्या ते अगदी बरोबर.

"हो" आलं तर घाबरून उपदेश सुरू करू नका. "लेकरांचा विचार कर", "लोक काय म्हणतील", "यापेक्षा मोठी दुःखं असतात", यातलं काहीच नको. लेकरांचा विचार करून करूनच तो इथवर आलेला असतो. शांतपणे पुढचं विचारा: हा विचार कधीपासून येतो, कसं आणि कधी करायचं हे ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, आधी कधी तसा प्रयत्न झालाय का. उत्तरं जितकी नेमकी तितकी घाई जास्त. ठरलेलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, जवळचं साधन तिथून हलवायचं आणि दवाखान्यात न्यायचं, १०८ला फोन करायचा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. "जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन, आणि तुला विचारून सांगेन" एवढं म्हणा. लोकांना तेवढंच पुरतं.

आता तुमच्या ताईंचा प्रश्न. तो प्रशिक्षणाचा खरा गाभा आहे. प्रयत्नातून वाचून घरी गेलेल्या माणसाला पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच सगळे "आता बरा आहे" म्हणून मागे सरकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ साली छापलेला एक अभ्यास आहे. पाच देशांत झाला, त्यातलं एक ठिकाण आपलं चेन्नई. प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी सोडताना तासभर नीट बोलले आणि पुढचे अठरा महिने ठरावीक अंतराने फोन किंवा भेट. एवढंच. अठरा महिन्यांनी पहिल्या गटात २.२ टक्के माणसं आत्महत्येने गेली होती, दुसऱ्यात ०.२ टक्के. फोन करणाऱ्याने काही मोठं समुपदेशन केलं नव्हतं. कसा आहेस, काही लागतंय का, दवाखान्यात गेला होतास का, इतकंच.

हे गावात का जमू नये?

निंबोणी
वाचतोय. हेतूबद्दल शंका नाही. पण कापसाला भाव नाही, पीकविम्याचे पैसे हातात येईपर्यंत पुढचा हंगाम येतो, आणि आपण शेतकऱ्याला "मन मोकळं कर" म्हणायचं? मूळ दुखणं आर्थिक आहे. प्रशिक्षणं म्हणजे सरकारला जबाबदारीतून सुटायला दिलेली वाट होऊ नये.

काळी माती
निंबोणी, मी स्वतः कोरडवाहू शेतकरी आहे, तुमचा राग माझाच आहे. भाव मिळालाच पाहिजे, त्यासाठी मी रस्त्यावर उतरलोय आणि पुढेही उतरेन. पण त्याच एनसीआरबीच्या नोंदीत कारण म्हणून सगळ्यात वर कौटुंबिक प्रश्न आहेत आणि त्याखालोखाल आजारपण. आणि जाणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट रोजंदारी करणाऱ्यांचा, साधारण चौथा हिस्सा. म्हणजे शेतीच्या पलीकडेही हे पसरलंय. कर्ज सगळ्यांना असतं. ज्याच्या घरात बोलायला माणूस नाही, झोप उडून महिने झालेत, दारू वाढलीय, त्याला ते कर्ज मारतं.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात करून पाहिलेलं आहे. अमरावतीच्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येतात असं सांगणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ वर आलं. त्या काळात भाव काही वाढला नव्हता. दोन्ही लढाया लढायच्या, एकीसाठी दुसरी थांबवायची नाही.

निंबोणी
३० गावांचं माहीत नव्हतं. प्रकल्प संपल्यावर त्या गावांत आज कोण फिरतंय, हा माझा पुढचा प्रश्न. पण मुद्दा पटला.

खळं
कृषी केंद्रवाल्या काकांना बोलावलंत हे फार आवडलं. फवारणीचं औषध घरात, कणगीमागे, हाताच्या अंतरावर असतं. टोकाची वेळ बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. आमच्याकडे सगळ्यांना कुलपाची पेटी वाटायचं चाललंय. कुणी केलंय का?

शेजारीण
खळं, थोडं थांबून बघा. श्रीलंकेत १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचा निकाल आला. काही फरक पडला नाही. किल्ली घरातच, बहुतेकदा त्याच माणसाच्या खिशात. तमिळनाडूत वेगळं करून पाहिलं: गावाची एक सामाईक खोली, प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतंत्र कुलपी कप्पा, आणि खोली सांभाळणारा माणूस. तिथे फरक दिसला. नंतर गुजरातेत मेहसाण्यालाही पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने अशा खोल्या, आशांचं प्रशिक्षण आणि शाळेतल्या मुलांचे वर्ग, तिन्ही एकत्र धरले. पैसे खर्च करायचेच असतील तर पेट्यांपेक्षा खोलीवर करा.

आणि निंबोणी, हे तुमच्या बाजूचं आहे: श्रीलंकेत खरी घट आली ती सरकारने सगळ्यात विषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर. १९९५च्या आसपास तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी होतं, पुढच्या वीस वर्षांत ते सत्तर टक्क्यांच्या वर खाली आलं. पिकाचं उत्पन्नही घटलं नाही. तेव्हा धोरण लागतंच. ते बदलेपर्यंत शेजारी लागतो.

दवबिंदू
मी लातूरला शिकवणीच्या मुलामुलींसाठी खाणावळ चालवते. आमच्याकडे प्रशिक्षण फक्त शिक्षकांना देतात. शिक्षकासमोर शेकडो पोरं, त्याला चेहरे तरी कुठे ओळखू येणार? माझ्याकडे डबे परत येतात. चाचणीचा निकाल लागला की काही डबे उघडलेलेच नसतात. एका पोरीचा डबा सलग तसाच यायला लागला तेव्हा मी स्वतः चिठ्ठी न पाठवता तिच्या खोलीवर गेले. पोळी का खाल्ली नाहीस एवढंच विचारलं, तर ती रडायलाच लागली. मग सरळ विचारलं. "हो" म्हणाली. आईला बोलावून घेतलं, ती येईपर्यंत पोरगी माझ्या घरी होती. आज ती दुसऱ्या गावी बी.एस्सी. करते आणि दिवाळीला फोन करते.

माझं म्हणणं, खाणावळवाल्या, खोलीच्या मालकीणबाई, अभ्यासिकेचा राखणदार, रिक्षावाले यांना आधी शिकवा.

टिपण
दवबिंदूताई, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांत, अकरा हजारांवर मुलांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटात फक्त शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं. दुसऱ्या गटात मुलांनाच वर्गात बसवून ताण, नैराश्य, मित्राला मदत कशी करायची हे प्रसंग करून शिकवलं. वर्षभराने पाहिलं तर मुलांना शिकवलेल्या गटात प्रयत्न जवळपास निम्म्याने कमी होते. फक्त शिक्षकांना शिकवलेल्या गटात ठळक फरक नव्हता. मुलं आधी मित्राला सांगतात, सरांना नाही.

दुसरं, दहावीची फेरपरीक्षा आता जून-जुलैमध्येच होते, वर्ष वाया जात नाही. निकालाच्या दिवशी हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. तुमच्या डब्यावर त्या दिवशी चिकटवता आलं तर?

दवबिंदू
चिकटवते. १४४१६ पण.

पाटाचं पाणी
माफ करा, मध्येच विचारतोय. मावसभाऊ चाकणला असतो, नोकरी गेली आहे, खोलीवर एकटाच. आत्ता घरच्या ग्रुपवर "सगळ्यांनी मला माफ करा" लिहिलं आणि पुसून टाकलं. मी नगरला आहे. काय करू?

शेजारीण
दादा, मेसेज नको, आत्ता फोन लावा. उचलला की सरळ विचारा: "तू लिहिलेलं वाचलं, जीव द्यायचा विचार आहे का?" ठेवू देऊ नका, बोलत राहा. दुसऱ्या फोनवरून तिथल्या कुणालातरी गाठा, घरमालक, जुना कंपनीतला मित्र, कुणीही. त्यांना दार ठोठवायला सांगा. उचलत नसेल किंवा दार उघडत नसेल तर ११२ला, पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाला.

बाभूळबन
पाटाचं पाणी, घरमालकाचा नंबर नसेल तर भाड्याच्या करारावर असतो, मावशीकडे प्रत असेल. आम्ही इथेच आहोत.

पाटाचं पाणी
उचलला. हो म्हणाला. घरमालक काका वर गेलेत, त्याच्यापाशी बसलेत. मी निघतोय. नंतर लिहितो.

सातासमुद्रापार
पाटाचं पाणी, तुमच्या पुढच्या निरोपाची वाट बघतेय. मी न्यू जर्सीत असते. इथल्या आमच्या मंडळात आम्ही 'क्यूपीआर' घेतलं, दीड-दोन तासांचं असतं: प्रश्न विचारा, मदतीसाठी राजी करा, योग्य ठिकाणी पोचवा. इथे २०२२च्या जुलैपासून ९८८ हा मदतीचा तीन आकडी क्रमांक आहे. अडचण क्रमांकाची नाही. नोकरी गेली की व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधायची, आणि हे ना इथल्या मित्रांना सांगायचं ना गावाकडे आईला. बाहेर असलेल्या भाच्या-पुतण्यांना "पगार किती" याआधी "झोप लागते का" विचारा, एवढी विनंती.

निळाई
मला वेगळं लिहायचंय. माझा भाऊ गेला त्याला काही वर्षं झाली. प्रशिक्षणात "घटना घडल्यावर काय" हा भाग असतो का? त्याचा फोटो आणि त्याने लिहिलेलं पत्र संध्याकाळच्या आत तीन ग्रुपवर फिरलं. माझ्या आईने ते दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचलं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, नंतर लोक रस्ता बदलून जायचे. वहिनीला कुणी हळदीकुंकवाला सोडाच, बारशालाही बोलावलं नाही. अशा घरातल्या माणसांना पुढे तोच धोका असतो, हे आम्हाला खूप नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं.

बाभूळबन
निळाई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. नाही, आमच्या शिबिरात हा भाग नव्हता. आता असेल.

टिपण
निळाईताई, वर्तमानपत्रांना यासाठी प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये नियम दिलेत: पद्धत सांगायची नाही, फोटो छापायचे नाहीत. पत्र छापायचं नाही, एकच कारण चिकटवून मोकळं व्हायचं नाही, मदतीचा क्रमांक द्यायचा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत आहे. गावाच्या ग्रुपला हेच लागू करायला हवं. ॲडमिन आणि पोलीस पाटील यांनी पहिल्या तासात "पुढे पाठवू नका" लिहिलं तरी बरंच थांबतं. व्हिएन्नात १९८७ साली वार्तांकनाची पद्धत बदलल्यावर तिथल्या मेट्रोमधल्या अशा घटना झपाट्याने कमी झाल्या होत्या. आणि संकटातून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याला बळ मिळतं, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

खळं
एक शंका. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते म्हणून आमच्याकडे लोक आधी लपवतात, वेळ तिथेच जातो. खरं काय?

शेजारीण
दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात. त्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७चं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर राहिलंच नाही. सरकारी माणसाला कामापासून रोखायला तसा प्रयत्न केला तरच वेगळं कलम आहे. पोलीस पाटलांच्या तोंडून हे गावात सांगायला लावा, आमच्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

पाटाचं पाणी
काल रात्री पोचलो. सकाळी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवलं, गोळ्या सुरू केल्या, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. डॉक्टरांनी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला: मन कधी बिघडतं ते कसं ओळखायचं, तेव्हा आपण स्वतः काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, खोलीतून काय काढून ठेवायचं. पहिलं नाव घरमालक काकांचं लिहिलं त्याने. आत्ता मावशीकडे घेऊन चाललोय. सगळ्यांचे आभार.

शेजारीण
फार चांगलं झालं, दादा. तो कागद म्हणजे सुरक्षा आराखडा. स्टॅनली आणि ब्राउन या दोघांनी बसवलेली पद्धत आहे. अमेरिकेत आपत्कालीन विभागातून घरी जाणाऱ्यांना हा कागद आणि नंतर फोन, असं दिलं तर पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा तसं पाऊल उचलण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास कमी झालं. त्याच्या फोनमध्ये या कागदाचा फोटो काढून ठेवा. आणि पुढचा आठवडा चुकवू नका, बरं वाटलं तरी.

बाभूळबन
पाटाचं पाणी, तुमच्या भावाला आमच्या सगळ्या ताईंचा नमस्कार सांगा.

काल ग्रामसंघाची बैठक झाली, या धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं. ठरलं ते असं: प्रत्येक पुऱ्यात (वस्तीत) दोघांची जोडी, एक बाई, एक पुरुष. दवाखान्यातून कुणी घरी आलं, किंवा विचारल्यावर "हो" म्हणालं, की ती जोडी पहिला आठवडा रोज जाईल, मग महिनाभर आठवड्याला, मग सहा महिने महिन्याला. ज्या घरातून माणूस गेला त्या घरीही तेच वेळापत्रक, तेराव्यानंतर सुरू. आशाताईंवर आधीच ओझं आहे, म्हणून जोडीत त्या नाहीत, त्यांच्याकडे फक्त दवाखान्याशी जोडून देण्याचं काम. सामाईक खोलीसाठी सोसायटीचं जुनं गोदाम मागितलंय, ग्रामसभेत विषय घेणार आहोत. आणि एक रजिस्टर करतोय, कुणाच्या घरी कधी जाऊन आलो त्याचं.

शेजारीण
व्यवस्था उत्तम आहे. रजिस्टरमध्ये नावं मात्र लिहू नका. गावात वही कुणाच्याही हाती पडते, आणि एकदा बभ्रा झाला की पुढचा माणूस तोंड उघडणार नाही. घराला खुणेचा आकडा द्या, यादी एकीच्याच कुलपात. दुसरं, जोडीतल्या माणसांनाही महिन्यातून एकदा एकत्र बसवा आणि त्यांना काय जड जातंय ते बोलू द्या. कुणी थकलं तर बिनबोभाट जोडी बदला. या बैठकीला मी येऊ शकते, रविवार असेल तर.

बाभूळबन
दुसरा रविवार, दुपारी दोन, समाजमंदिर. बडनेऱ्याहून घ्यायला येते.